धुरपताबाईचा डावा हात

"हात दाखव," केशोराव म्हणाले.

धुरपताबाईने डावा हात टेबलावर आपटला. त्याचं मधलं बोट वाकून तळव्याकडे वळलेलं होतं.

"चित्रातल्या बाईच्या उजव्या हाताचं बोट मोडलंय. तुझं डाव्या. म्हणजे ती तू नाहीस. जा आता."

"कशी नाही? मीच आहो थे! या चित्रवाल्या बाबूनं मले दोन दिस पोत्यापाशी बसवलं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं खरडून राहिला होता. इचार त्याले."

केशोराव गोंदियाच्या वाचनालयात कारकून होते. सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनातली चित्रं वाचनालयाला भेट मिळाली होती आणि त्यांची नोंद करण्याचं काम केशोरावांच्या गळ्यात पडलं होतं. चित्राचा प्रकार, माप, चित्रातली व्यक्ती. या चित्राचा प्रकार त्यांनी लिहिला होता: ड्रायपॉइंट, म्हणजे पत्र्यावर कोरून कागदावर घेतलेला छाप. पुढचा रकाना कोरा होता.

चित्रकार केवलराम खिडकीशी उभा होता. बाईकडे न बघता तो म्हणाला, "हे सगळ्याच कामकरी बायांचं चित्र आहे. नावाची गरज नाही."

"सगळ्या बायांचं बोट मोडलं का रे? मिलीच्या पट्ट्यात माझं बोट गेलं, इन्स्पेक्टरले सांगलं, तं मले काढून टाकलं. आता शेठ म्हनते, ही बाई आमच्या मिलीत कधी नव्हतीच. नाव लिव बाबू."

"हे कोर्ट नाही," केशोराव म्हणाले. "बाहेर हो, नाही तर चपराशाला बोलावतो."

तिने दोघांकडे पाहिलं. "तुम्ही सारे शेठचेच," म्हणाली आणि निघून गेली.

माप घेण्यासाठी केशोरावांनी चित्र चौकटीतून काढलं. कागद कुठे विरलाय का, हे बघायला तो उलटा करून उजेडात धरला. बाईमागच्या पोत्यावर नुसत्या रेघोट्या आहेत, असं ते समजत होते. मागून त्या सरळ वाचता आल्या. मिलचं नाव होतं. आणि मोडलेलं बोट डाव्या हाताचं होतं.

"छापताना उलटं होतं?"

"होतं," केवलराम म्हणाला.

"मग मघाशी का बोलला नाहीत?"

"चौकटी शेठनी दिल्यात, केशोराव. वाचनालयाला कपाटंही तेच देणार आहेत. जपून लिहा."

एका बाईला आपण खोटी ठरवून हाकललं होतं. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं: 'धुरपताबाई, राइस मिलमधील कामगार. डाव्या हाताचे बोट मोडलेले. छापात उजवे दिसते. पोत्यावर मिलचे नाव, उलट अक्षरांत.' खाली सही केली. केवलराम झोळी उचलून निघून गेला.

आठवड्यात चित्र भिंतीवरून उतरलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी केशोरावांना सगळ्यांदेखत झापलं. पण नोंदवहीच्या पानांना क्रमांक होते. पान फाडता येईना. त्याच संध्याकाळी केशोराव नोंदीची नक्कल घेऊन सायकलवर कुडव्याला, धुरपताबाईच्या गावी गेले.

धुरपताबाई ओट्यावर विड्या वळत होती. "आता कायले आला?"

"नोंद केली. तुमचं नाव आहे."

"मले वाचता येत नाही."

त्यांनी वाचून दाखवलं. तिचे हात थांबले.

"आनखी एकडाव वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं मी भंडाऱ्याले जाऊन राहिली, मिलीची तक्रार घेऊन कामगारायच्या साहेबाकडं. त्याच्यापुढं असंच वाचशील? नोकरी जाईन तुही."

"वाचीन."

"पाहू," म्हणून ती आत गेली आणि दार लावलं. बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

सकाळी केशोराव स्टेशनवर पोचले, तेव्हा धुवट लुगडं नेसून ती फलाटाच्या टोकाला बाकावर बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फक्त शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.