डोकावणाऱ्याला कुलूप

नेटवर्क सांभाळणारा स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नसे. ऑफिसात कुणीतरी इतरांच्या संगणकांत डोकावतंय, अशी त्याची खात्री होती आणि संशय होता स्टोअरवाल्या काकांवर. मेला माणूस फारच गोड बोलायचा! शेवटी त्याने नियमच लिहिला: जो संगणक तासाभरात पन्नास संगणकांची दारं ठोठावेल, त्याचं कनेक्शन आपोआप तुटेल. नियम सुरू करून तो काकांच्या टेबलाशी ठाण मांडून बसला. तास उलटला, तरी काकांचा संगणक आपला सुरूच.

तणतणत तो जागेवर परतला, तर त्याचाच संगणक नेटवर्कबाहेर फेकलेला. तासातासाला सगळ्यांच्या संगणकांची आपोआप झडती घेणारा ऑफिसात तोच तर एकटा संगणक होता.

"सापडला का रे चोर?" मागून काकांनी गोड आवाजात विचारलं.