तारीख आजची, फोटो कधीचा

माझं वय ऐकून हसू नका, मित्रांनो. मी सात वर्षांचा आहे आणि आमच्या जातीत एवढ्यात म्हातारपण येतं. मी एक स्लाइडशो आहे. एका वृद्धाश्रमाची वेबसाइट उघडली की सर्वांत वर जे फोटो एकामागून एक सरकतात, तो मी. मला स्वतःचं असं एकही चित्र नाही. लोक देतील ते दाखवायचं, हा माझा धंदा.

मला एका वेबसाइटवाल्या बाईने बनवलं. लाँड्रीच्या वरच्या खोलीत तिचं ऑफिस होतं. खालून इस्त्रीची वाफ यायची आणि ती कपाळ पुसत काम करायची. माझ्याआधी त्या वेबसाइटवर इमारतीचा एकच फोटो होता. तो बदलायचा तर वृद्धाश्रमाच्या मॅनेजरबाईंनी हिला फोन करायचा आणि हिने सवड मिळेल तेव्हा बदलायचा. दोघीही मेटाकुटीला आल्या होत्या. शेवटी हिने मला असं घडवलं की मॅनेजरबाईंना कुणाची मिनतवारी करायला नको.

"फोटो उचलायचा, या चौकटीत सोडायचा, निळं बटण दाबायचं. झालं," ती शिकवायला आली तेव्हा म्हणाली.

"आणि तारीख?"

"ती आपोआप पडेल. ज्या दिवशी फोटो चढवाल, त्या दिवसाची. तुमच्या डोक्याला तेवढाच ताप कमी."

माझ्या माथ्यावर तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'आजचे क्षण'. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता!

सुरुवातीची वर्षं खरंच सुखाची गेली. दर सोमवारी मॅनेजरबाई मोठ्या खिडकीच्या खोलीत सगळ्यांचे फोटो काढायच्या आणि चहा निवायच्या आत माझ्यावर चढवायच्या. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडा असायचो, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडायचं. 'बाबांनी दाढी केलेली दिसतेय', 'आईचा नवा स्वेटर छान आहे', असे घरच्यांचे फोन यायचे.

माझी सगळ्यांत पक्की गिऱ्हाईक होती टोपीवाल्या आजींची लेक. आजी बारा महिने लोकरीची टोपी घालायच्या, म्हणून हे नाव. लेक समुद्रापलीकडे नोकरीला होती. आजींना कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे फोनवर दोघींचं बोलणं म्हणजे नुसता आरडाओरडा. मग लेक मलाच बघायची. बोटांनी फोटो मोठा करून आईचे गाल भरलेत की बसलेत, ते निरखायची. आजींचे बुद्धिबळातले जोडीदार म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. त्यांच्या शर्टाच्या बाहीचं बटण तुटलं, तेव्हा आजींनी तिथे कोटाचं भलंमोठं बटण शिवलं होतं. ते शोभतं का, यावरून मायलेकी फोनवर पोट धरून हसल्या होत्या.

मग घड्याळवाले आजोबा गेले. लेकीला ते सांगताना आजी रडल्या. पुढे लवकरच त्या न्हाणीघरात पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं.

"माझा असा फोटो टाकू नका हो," त्या मॅनेजरबाईंना म्हणाल्या. "आणि तिला यातलं काही कळवू नका. नोकरी टाकून धावत येईल."

मॅनेजरबाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. दोन नर्स काम सोडून गेल्या होत्या आणि औषधांपासून चादरींपर्यंत सगळं त्यांच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं. त्यांनी जुन्या फोटोंतला आजींचा एक हसरा फोटो शोधला, चौकटीत सोडला, निळं बटण दाबलं. मी माझं काम केलं. फोटोखाली आजची तारीख टाकली.

कुणालाच शंका आली नाही. मग ती सवयच झाली. सोमवारी खिडकीच्या खोलीत जाणं बंद पडलं आणि सगळ्यांचेच जुने, छान फोटो पुन्हा पुन्हा माझ्यावर येऊ लागले. आजी अंथरुणाला खिळल्या, बोलणं भरकटू लागलं. माझ्यावर मात्र त्या दर आठवड्याला हसत होत्या. लेक महिनाअखेरीस यायची होती. तिने मला उघडलं, आईचे गाल मोठे करून बघितले आणि स्वतःशीच म्हणाली, "तब्येत तर छान आहे. हे काम उरकूनच जाते." मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे?

एका सकाळी ऑफिसात फोन वाजला. घड्याळवाल्या आजोबांचा मुलगा होता.

"माझे बाबा आज तुमच्या वेबसाइटवर बुद्धिबळ खेळताहेत," तो म्हणाला. "खाली आजची तारीख आहे. बाबांना जाऊन किती दिवस झाले, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

माफी मागून मॅनेजरबाईंनी घाईघाईने फोटो कापला. त्यातून आजोबा गेले, समोर बसलेल्या आजी राहिल्या. पण पटावर प्यादं सरकवणारा आजोबांचा हात तसाच राहिला.

लेकीने तो कापलेला फोटो पाहिला. नेहमीसारखे आईचे गाल मोठे केले, मग बोट खाली सरकलं. बाहीवर कोटाचं बटण होतं. तो हात कुणाचा, हे तिने ओळखलं; खाली तारीख मात्र आजची होती. मग तिने तिकीट काढलं.

ती पोहोचली तेव्हा आजींच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि गालांची हाडं वर आली होती. लेकीने हात हातात घेतला. आजींना ती नर्स वाटली.

"माझी लेक आली ना, तर तिला खालीच बसवा हं," आजी म्हणाल्या. "मला असं बघू देऊ नका तिला."

"बरं," लेक म्हणाली.

आजी त्याच आठवड्यात गेल्या. लेक उशाशी होती, पण आजींच्या लेखी शेवटपर्यंत ती नर्सच राहिली.

निघताना ती ऑफिसात आली. मॅनेजरबाई मान खाली घालून म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं होतं हो, फोटो टाकू नका म्हणून."

"मग टाकायचा नव्हता," लेक म्हणाली. "जागा रिकामी ठेवायची होती. रिकामी जागा दिसली असती, तर मी तेव्हाच निघाले असते."

त्या दिवशी मॅनेजरबाईंनी माझ्यावरचे सगळे जुने फोटो काढले. मी पहिल्यांदाच रिकामा झालो. फोनवर फोन आले, काहीजण तर धावत भेटायला आले. एका आजोबांना त्यांचा नातू ओळखू आला आणि ते ढसाढसा रडले. पण संध्याकाळी वृद्धाश्रमाच्या मालकांचाही फोन आला. "वेबसाइट ओसाड दिसतेय. काहीतरी भरा तिथे," ते म्हणाले. मॅनेजरबाईंनी डोळे पुसले आणि जुने फोटो पुन्हा चढवले. मी सगळ्यांखाली आजची तारीख टाकली.

तेव्हा मित्रांनो, तुमचं कुणी माझ्यासारख्याच्या चौकटीत हसत असेल, तर माझ्यावर विसंबू नका. तो फोटो बघून बरं वाटलं तर वाटू द्या, आणि तरीही जाऊन या.