न आलेला शेवटचा फर्मा

“याला पाठ ठेवू नका. पाठ टेकली की वाचणारीला झोप लागते, आणि वाचणारी झोपली की ऐकणाऱ्या घरी जातात.”

मित्रांनो, माझ्या जन्माआधी मी ऐकलेले हे पहिले वाक्य. तेव्हा मी सुताराच्या दुकानात कोपऱ्यात पडलेला एक ओंडका होते. बोलणाऱ्या बाई पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या मालकीण होत्या. सुताराने मान डोलावली, आणि मी झाले ते असे: चार उंच पाय, पाय ठेवायला एक आडवी पट्टी, वर गोल फळी, पाठ नाही. मी एक जुने स्टूल आहे. चार पायांतला एक कणभर आखूड राहिला. सुतार म्हणाला, “बसेल हळूहळू.” तो अजून बसलेला नाही.

मला कारखान्यात लांबलचक टेबलाच्या टोकाशी ठेवले गेले. पुस्तक घरी येते तेव्हा ते पुस्तकच असते, पण आमच्याकडे ते यायचे चादरीएवढ्या छापील कागदांच्या रूपात. या कागदांना फर्मे म्हणतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसून फर्म्यांच्या घड्या घालायच्या, पट्टीने घडी दाबायच्या, घड्या एकावर एक रचून सुईदोऱ्याने शिवायच्या, मग कण्याला खळ लावायची. दिवसभर मान खाली. म्हणून मालकीणबाईंनी एक रीत घातली होती. एकीने माझ्यावर बसायचे आणि ज्या पुस्तकाच्या घड्या चालू असतील ते मोठ्याने वाचायचे. तिच्या वाटणीचे कागद बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. जसजसे फर्मे येत तसतशी गोष्ट पुढे सरके. जगात कुणी ते पुस्तक पाहण्याआधी आमच्या टेबलाने ते ऐकलेले असे.

सुरुवातीला पाळीपाळीने सगळ्या बसल्या. एकीचा आवाज पोहोचेना, एक वाचता वाचता स्वतःच पुढचे मनात वाचू लागे आणि बाकीच्या ओरडत, “अगं, आम्हालाही सांग की.” शेवटी ते काम मैनेकडे आले. खरे नाव दुसरे होते, पण आवाजामुळे सगळ्या तिला मैनाच म्हणत. ती माझ्यावर बसायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग वाचायला लागायची. ते डोळे मिटणे कुणाला दिसत नसे, मला कळायचे. पट्टीवरचे तिचे पाय त्या क्षणी अगदी स्थिर व्हायचे. तिचा तो नेम होता. रोज थोडे, पण रोज.

त्या वाचनाने काय काय झाले ते मी पाहिले आहे. नवऱ्याला शिव्या घालत येणारी बाई एका प्रवासवर्णनानंतर म्हणाली, “माणूस एवढा चालतो, थकतो, तरी वाटेतल्या फुलाचं नाव विचारतो. मी माझ्या माणसाला दिवसात एक प्रश्न विचारत नाही.” एका संताच्या चरित्रानंतरच्या घड्या इतक्या सरळ आल्या की मालकीणबाईंनी चष्मा काढून पाहिल्या. खळ लावणाऱ्या बाईला सगळ्या खळताई म्हणत. तिचा हात चालला नाही तरी तोंड चालायचे. ती म्हणायची, “या स्टुलावर बसलं की आवाजाला आपोआप गोडी येते बघा. लाकडातच काहीतरी आहे.”

ते मी खरे मानले. मित्रांनो, लाकडालाही गर्व होतो. त्या गर्वाचीच ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना माझा आखूड पायसुद्धा लपवावासा वाटतो.

शिलाईचे काम करायच्या सुईकाकू. वयाने सगळ्यांत मोठ्या, बोलण्याने सगळ्यांत लहान. त्यांना एक धाकटी बहीण होती, शेजारच्या गावात. आई आजारी होती तेव्हा बहीण वेळेवर आली नाही, आणि आली तेव्हा सगळे आटोपले होते. काकूंनी भरल्या घरात तिला विचारले होते, “आता कशाला आलीस?” बहीण उंबऱ्यावरूनच परत गेली. नंतर कळले की तिचा मुलगा तापाने फणफणत होता. तेव्हापासून दोघींचे बोलणे नव्हते. हे काकूंनी कधी सांगितले नाही, खळताईला सगळे माहीत असायचे.

एका वर्षी आमच्याकडे एका नावाड्याची कादंबरी आली. नदीच्या एका काठावर नावाडी, दुसऱ्या काठावर त्याचा भाऊ. नावाडी साऱ्या जगाला पार नेतो, पण भावाला नावेत घेत नाही आणि त्याच्या काठावर पाऊल ठेवत नाही. का, तर जुना एक शब्द मनात रुतलेला. टेबल त्या गोष्टीने वेडे झाले होते. पैजा लागल्या.

“जाईल तो,” एकीचे म्हणणे.

“पुरुष जातो होय?” खळताई म्हणाली. “नाव पाठवेल फार तर, रिकामी.”

काकूंनी पैज लावली नव्हती. मात्र त्यांची सुई नावाड्याच्या भावाचे नाव आले की हळू व्हायची. ते मी वरून पाहत होते.

शेवटचा फर्मा ज्या दिवशी यायचा, त्या सकाळी मालकीणबाईंनी मैनेला बाजूला घेऊन सांगितले, “आज येत नाही. लेखक शेवट अजून बदलताहेत. आज दुसरं काहीतरी वाच.”

मैना हे सांगणारच होती. तेवढ्यात काकूंनी, ज्यांनी इतक्या वर्षांत कधी काही मागितले नव्हते, मान वर केली. “मैना, आज जरा लवकर बस.”

मैना माझ्यावर बसली. त्या दिवशी तिने डोळे मिटले नाहीत. टेबलावर पडलेले दुसऱ्याच पुस्तकाचे एक प्रूफ तिने उचलले, म्हणाली, “शेवटच्या पानांचं नमुन्याचं छापून आलंय,” आणि वाचायला लागली. त्या कागदावर भाज्यांच्या लागवडीची माहिती होती. मैनेच्या तोंडून मात्र पहाट झाली, नावाड्याने नाव सोडली, आणि तो भावाच्या काठाला लागला. भाऊ दारात उभा होता. तो एवढेच म्हणाला, “उशीर केलास. पण जेवण गरम आहे, ये.”

पट्टीवर तिचे पाय थरथरत होते. मला सगळे कळत होते. टेबलावर मात्र कुणी डोळे पुसत होते, कुणी नाक ओढत होते, खळताईचा ब्रश खळीतच बुडून राहिला होता. आणि मला काय वाटले सांगू? मला अभिमान वाटला. म्हटले, पाहा, माझ्यावर बसून नसलेले पुस्तकही वाचता येते.

दुसऱ्या दिवशी काकू मैनेजवळ आल्या. “सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जाईन म्हणते,” त्या म्हणाल्या. “मला नीट बोलता येत नाही गं. तोंड उघडलं की भलतंच येतं. ते पान मला देशील? तिच्यापुढे तेवढं वाचून दाखवीन. छापलेलं आहे म्हटल्यावर ती ऐकेल.”

मैना “हो” म्हणाली. दुसरे काय म्हणणार होती?

सुट्टीच्या आदल्या दिवशी फर्मा आला. मैनेने गठ्ठा सोडला, उभ्याउभ्या वाचला आणि पांढरी पडली. खऱ्या पुस्तकात नावाडी जात होता, पण फार उशिरा.

खळताईने तिचा चेहरा पाहून सगळे काढून घेतले. कुजबुजत म्हणाली, “मग आज वाचू नकोस. घसा बसलाय म्हण. काकूंना आधी जाऊन येऊ दे. पान काय, हरवलं म्हणून सांग. चांगल्या कामाला निघाल्यात त्या.”

“त्या माझ्यावर विश्वास ठेवून निघालेल्या नाहीत,” मैना म्हणाली. “पानावर ठेवून निघाल्यात.”

ती माझ्यावर बसली नाही. माझ्या फळीवर हात टेकून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बोलली. “तो शेवट छापलेला नव्हता. तो मी रचला. तुमची हिरमुसलेली तोंडं बघवली नसती, म्हणून रचला.” तिच्या हाताचा घाम माझ्या लाकडात मुरला.

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. “म्हणजे असं कुठेच लिहिलेलं नाही?”

“नाही काकू.”

“मला तुझं ऐकून जायचं नव्हतं, मैना. पुस्तकाचं ऐकून जायचं होतं.”

त्या ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. सुट्टी आली आणि गेली, काकू बहिणीकडे गेल्या नाहीत.

त्यानंतर माझे दिवस फिरले. माझ्यावर कुणी बसेना. खळताईने खळीचा डबा माझ्यावर ठेवला. खळ ओघळून माझ्या फळीवर वाळली, तिच्या पापुद्र्यांखाली माझा गुळगुळीतपणा झाकून गेला. पंखा पुसायला लोक माझ्यावर चपलांसकट चढत. मला त्याचे दुःख झाले नाही. मला वाटायचे, हेच ठीक आहे. ज्या फळीने खोट्याला उंची दिली, तिच्यावर चप्पलच शोभते. टेबल मुके झाले होते. मुक्या टेबलावर कामही बिघडते. एकीने उलटा फर्मा घातला आणि कितीतरी पुस्तकांची मधली पाने डोक्यावर उभी राहिली.

मैना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून घड्या घालायची. एकदा मालकीणबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. “तुला सुचतं, हा गुन्हा नाही,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्या नावावर खपवलंस, तो गुन्हा. सुचतं तर स्वतःच्या नावाने लिही. कोऱ्या कागदाची इथे काय वाण आहे?” त्या संध्याकाळी जाताना कापलेल्या कागदांची एक चळत मैनेने मागून घेतली.

मित्रांनो, या मुक्या दिवसांत मला एक गोष्ट उमगली. पुस्तकाने माणूस शहाणा होतो, हसतो, देवावरची आणि माणसांवरची त्याची श्रद्धा बळावते, हे सगळे खरे. पण ते कशामुळे होते? आपल्याला गोड वाटावे म्हणून कुणी त्यातला मजकूर बदललेला नाही, या विश्वासामुळे. पुस्तक कुणाला वाचून दाखवाल तेव्हा जे आहे तेच वाचा. कडू असले तरी वाचा. मग वाटले तर खुशाल आपले रचून सांगा, त्यातही मोठा आनंद आहे, पण सांगताना म्हणा, “हे माझं.” आणि एवढे करा: पुस्तकाचे कान दुमडू नका, चहाचा कप त्यावर ठेवू नका. ते शिवताना कुणाची तरी बोटे टोचलेली असतात.

आता आजची गोष्ट सांगते. आज दुपारी काकू उठल्या. खळीचा डबा त्यांनी उचलून खाली ठेवला. ओल्या फडक्याने माझी फळी घासली, नखाने पापुद्रे खरवडले. मला लाज वाटत होती, आपल्याला असे घासावे लागते याची.

“मैना, बस,” त्या म्हणाल्या. “खरं छापलंय ते वाच.”

मैना तो शेवटचा फर्मा घेऊन आली. तिने डोळे मिटले, माझ्या पट्टीवर तिचे पाय स्थिर झाले. मग तिने वाचले. नावाडी भावाच्या काठाला लागतो. दारात भाऊ नाही, वहिनी आहे. ती म्हणते, “रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसायचे. मागच्या हिवाळ्यात वारले. आता कुठून भेटणार?” नावाडी घाटावरच्या त्या दगडावर जाऊन बसतो. दगड बसून बसून गुळगुळीत झालेला आहे. गोष्ट तिथे संपते.

कुणी रडले नाही. काकू शिवत राहिल्या होत्या.

“त्याने आधी जायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “एवढंच आहे ना त्यात?”

“एवढंच आहे, काकू.”

“तुझ्या गोष्टीतला भाऊ गरम जेवण वाढतो. माझी बहीण वाढेलच असं नाही. दार लावून घेईल. तो तिचा हक्क आहे, मी तोंडावर बोलले होते.” त्यांनी दोरा दातांनी तोडला. “तू खोटं बोललीस ते मी विसरणार नाही हं मैना. पण एक विचारते, तो जेवणाचा शब्द तुला कुठून सुचला?”

मैना कागदाची कड सरळ करत म्हणाली, “माझी आई असंच म्हणायची. मी कितीही उशिरा आले तरी.”

काकूंनी सुईत नवा दोरा ओवला. मग म्हणाल्या, “हा गठ्ठा शिवून झाला की मी जाते. आजच जाते. तुम्हा सगळ्यांसमोर बोलले, आता मागे फिरायची सोय नाही.”

“पान हवंय का?” मैनेने विचारले. “खरं, छापलेलं.”

“नको. पान घेऊन गेले तर पानच वाचत बसेन.”

खळताईला राहवले नाही. “काकू, केसांतला दोरा तेवढा काढा. नाहीतर बहीण म्हणेल, ताई आली का पतंग आला?”

टेबल हसले. कितीतरी दिवसांनी हसले. काकूंनी केसांतला दोरा काढला आणि खळताईच्या डोक्यावर ठेवला.

मग मैना पुढचे पुस्तक वाचायला लागली. ते मुंग्यांविषयी होते, तरी सगळ्या ऐकत होत्या. मधेच माझ्या लक्षात आले की शिवणाऱ्या सुईचा आवाज थांबला आहे. काकूंनी गठ्ठ्याला शेवटची गाठ मारली होती. सुई त्यांनी कापडात खोचली, नळावर हात धुतले, ओले हात गालांवरून फिरवले. वाचन मोडू नये म्हणून त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मैनेने पाहिले, पण ती वाचत राहिली, जे छापले होते तेच. काकू पायऱ्या उतरल्या आणि, मला खिडकीतून दिसले, बसच्या थांब्याच्या दिशेने चालू लागल्या. घाईत नव्हत्या, पण कुठे थांबतही नव्हत्या.