दुलईखालचे पाय

"पाय आत घ्या गं पोरींनो! आणि दुलई सारखी उचलू नका, ऊब पळून जाते!"

हा आवाज थांबून कितीतरी हिवाळे लोटले, पण माझ्या लाकडात तो अजून घुमतो. तोमोएच्या आईचा आवाज. बाहेर छपरापर्यंत चढलेले बर्फ, आत मागावर बसलेली ती माउली आणि माझ्याभोवती शाळेतून भिजून आलेल्या तीन मुली.

मी एक जुना कोतात्सू आहे, मित्रांनो. जमिनीत एक चौकोनी खड्डा, तळाशी आच, वर बुटके मेज आणि मेजावरून चारी बाजूंनी ओघळणारी जाड दुलई, असा माझा देह. माणसे माझ्याभोवती बसतात, पाय खड्ड्यात सोडतात आणि दुलई कमरेपर्यंत ओढून घेतात. वर चहा होतो, संत्री सोलली जातात, भांडणे होतात. ते सगळे मी फक्त ऐकतो. मला दिसतात ते पाय. चेहऱ्याला हसायला शिकवता येते, पायांना कोण शिकवणार?

तोमोएच्या आजोबांनी मला घडवले. हाडाचा सुतार माणूस. डोंगरातले देवदार आणले, खाचेत खाच बसवली, एक खिळा वापरला नाही. नात रांगू लागली होती, तिच्या कपाळाला लागू नये म्हणून माझे चारही कोपरे गोल घासले. तेव्हा माझ्या पोटात राखेखाली निखारे असत. पुढे वीज आली. तळाशी लाल तार पेटू लागली, तिच्यावर लोखंडी जाळी बसली आणि जाळीच्या वर, खड्ड्याच्या कडेने, पाय टेकायला लाकडी पट्टी आली. पाय पट्टीवर ठेवायचे, जाळीवर नाही. चुकून टेकला तर माणूस "आई गं!" म्हणून लगेच वर घेतो. हे कुणाला शिकवावे लागत नाही.

तोमोएची आई माग चालवता चालवता गुणगुणायची:

बर्फ पडे दारी, बाई, वाट बुजली गं सारी,
तीन पाखरं घरात, पंख मिटून शेजारी.

त्या तीन पाखरांतली तोमोए म्हणजे म्होरकी. तिचे पाय एका जागी कधी ठरलेच नाहीत. दुसरी किनुको, तोंडाने तिखट, पायाने गरम. तिसरी चिझुरु. तिचे पाय कायम थंड आणि कायम एकमेकांवर दुमडलेले, जणू जागा व्यापल्याची माफी मागत आहेत.

एका दुपारी चिझुरुने कॅलेंडरचे फाटके पान आणून माझ्यावर पसरले. किसोच्या खोऱ्याचे चित्र होते. दगडी फरशांची घाटवाट, काळ्या लाकडाची जुनी घरे, पाण्यावर फिरणारे चाक.

"जायचं," तोमोए म्हणाली. "तिघींनीच. घाट चालत ओलांडायचा, रोज नव्या गावात मुक्काम करायचा. रात्री गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडायचं आणि चांदण्या बघायच्या."

"आणि सासूने सोडलं नाही तर?" चिझुरुने विचारले.

"सासूला पाठीवर बांधून नेऊ!"

"माझी सासू जाड निघाली तर तू उचल हं," किनुको म्हणाली, आणि सहाच्या सहा पाय हसून हसून माझ्या भिंतींवर आपटले.

पण मित्रांनो, सासू आली, सासरे आले, भातशेती आली, लेकरे आली. दर हिवाळ्यात तिघी माझ्याभोवती जमत आणि किसोची वाट आखत. दर वसंतात माझी दुलई धुऊन कपाटात जाई आणि तिच्या घडीत तो बेतही जाई. मग तोमोएच्या मुलाने भिंतीवर गरम हवेचे यंत्र बसवले. माझ्या तोंडावर फळी आली, फळीवर चटई. कित्येक वर्षे लोक माझ्या डोक्यावरून चालत गेले. कुणाला माझी आठवण नव्हती. पुढे मुलगा शहरात गेला, तोमोएचा नवराही वारला. एके सकाळी तिने एकटीने चटई उचलली, फळी काढली आणि म्हणाली, "बाबा रे, त्या यंत्राच्या हवेत माणसाचा वास नाही." त्या दिवशी मी जितका तापलो, तितका कधी तापलो नव्हतो.

यंदाच्या हिवाळ्यात तिघी पुन्हा जमल्या. चिझुरुची सासू गेल्या वर्षी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच चिझुरुला घरी कुणी वाट बघणारे नव्हते. किनुकोने आपले केस कापायचे दुकान बंद केले. जूनमध्ये ती लेकीकडे राहायला जाणार होती, पार दक्षिणेला, फुकुओकाला. म्हणून ती म्हणाली, "मे महिन्यात किसो. आत्ता नाही तर मग माझ्या राखेच्या डब्याला घेऊन जा."

आणि मित्रांनो, आडवी आली ती तोमोए.

पहिल्या बैठकीला ती म्हणाली, "घाटात अस्वलं असतात म्हणे."

"तुझा आवाज ऐकून पळतील ती," किनुको म्हणाली.

दुसऱ्या बैठकीला म्हणाली, "ते गरम कुंड नको बाई. कढत पाणी सोसत नाही आता." चहा उकळता पिणारी बाई ती! चिझुरु नुसतीच "हो का?" म्हणाली. मग तोमोए म्हणाली, "तुम्ही दोघी म्हणाल तसं." चिझुरु म्हणाली, "नाही नाही, तुम्ही दोघी म्हणाल तसं." बेत मेजावर घसरत राहिला, ओल्या बशीसारखा.

ह्या गावात मूल चालायच्या आधी एक गोष्ट शिकते. आपला भार कुणावर पडू नये. वाढायला आले तर आधी नको म्हणावे. दुखले तर दाराआड कण्हावे. "मला हवंय" हे शब्द ह्या घरात मी लहान मुलांखेरीज कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत.

पण मी पाय पाहत होतो. शरद ऋतूत एकदा तोमोए माझ्यापाशी बसून किमोनोची कड शिवत होती. तिची टाचणी घरंगळून खाली पडली आणि मोजातून तळव्यात शिरली. संध्याकाळभर ती टाचणी तशीच होती. मोजावर रक्ताचा ठिपका वाढत गेला आणि वरती ती रेडिओबरोबर गात होती. झोपताना मोजा काढला तेव्हा तिचे गाणे थांबले. त्यानंतर दोन्ही हात दुलईखाली यायचे आणि बोटे एकेका पावलाला चिमटे काढायची. आधी हळू, मग जोरात, मग नख रुतवून. पाय हलायचे नाहीत. दवाखान्यातून ती औषधाच्या गोळ्या घेऊन आली. साखरेचा आजार, असे ती मुलाला फोनवर म्हणाली, "किरकोळ आहे रे, आमच्या वयात सगळ्यांनाच." पायांचे नाव घेतले नाही. मी लाकूड. मी काय करणार? तिच्या बाजूला तापायला मला भीती वाटू लागली. पण आच माझ्या हातात नाही.

मग तिसरी बैठक आली. किसोच्या मुक्कामाच्या मालकीणबाईंनी खोली संध्याकाळपर्यंत अडवून ठेवली होती. हो की नाही, एवढेच कळवायचे होते.

"बोल," किनुको म्हणाली. "आज अस्वल सांग, कुंड सांग, आणखी काय असेल ते सांग."

"तसं काही नाही गं. तुम्ही दोघी म्हणाल…"

"पुन्हा तेच! लहानपणी सासूला पाठीवर बांधणारी बाई आता 'तुम्ही म्हणाल तसं'? तुझ्या तोंडाला शोभतं का ते?"

"किनुको, चहा घे ना," चिझुरु पुटपुटली. दुलईखाली तिचे पाय आणखी आक्रसले.

"चहा नको मला! सरळ सांगून टाक ना तोमोए, आमच्याबरोबर यायचं नाही म्हणून. मी जाते तिकडे दूर. तुझी पीडा टळेल."

 दुलईखाली तोमोएचा पाय सरकला. पट्टीवरून घसरला आणि पूर्ण तळवा जाळीवर टेकला. मी वाट पाहिली. उचल, बाई, उचल. तुझ्या आजोबांची शपथ, उचल. पाय तिथेच राहिला.

वर किनुकोने फोन लावला. "नमस्कार, ती खोली आहे ना, मे महिन्यातली. माफ करा हं, आमचा बेत…"

"काहीतरी जळतंय," चिझुरु म्हणाली.

"तुझा भास. थांबा हं मालकीणबाई, एक मिनिट."

"लोकर जळतेय. शेगडीवर काही आहे का गं?"

"काही नाही," तोमोए म्हणाली.

आणि मग जी बाई जन्मभर कुणाच्या दाराला न विचारता हात लावत नव्हती, त्या चिझुरुने न विचारता दुलई उचलली. धूर वर गेला. तिने आत हात घातला, तोमोएचा घोटा धरला आणि पाय उपसून बाहेर काढला. मोजा तळाला काळा पडला होता. त्याच्या आत जाळीच्या चौकटी कातडीवर लाल उमटल्या होत्या.

"अगं! भाजत नाही का तुला?"

तोमोएने पायाकडे पाहिले. ती पाहत होती, जणू कुणी पाहुणा आपला बूट विसरून गेला आहे. दुलई उघडी होती म्हणून मला त्या दिवशी तिचा चेहरा दिसला. इतक्या वर्षांनी, एवढ्या जवळून, पहिल्यांदा. ती म्हातारी झाली होती. हे मला पायांनी कधी सांगितले नव्हते.

चिझुरुने काही न विचारता थंड पाण्याचे घमेले आणले आणि तो पाय आपल्या मांडीवर घेऊन हळूहळू पाणी सोडू लागली. किनुको फोन हातात धरून उभीच होती. आतून मालकीणबाईंचा बारीक आवाज येत होता, "आहात ना? आहात ना?"

मित्रांनो, माझे आयुष्य आता फार उरलेले नाही. माझ्या खाचा सैल झाल्या आहेत. म्हणून एवढेच मागतो. घरातले जे कुणी अचानक "मला काहीही चालेल" म्हणू लागते, त्याच्याकडे एकदा नीट पाहा. दुलई उचलून पाहा. पळू दे थोडी ऊब.

त्या दुपारीही ती पळाली. उघड्या दुलईतून बर्फाचा गारठा आत शिरला. "झाका ती" असे कुणी म्हणाले नाही.

"कधीपासून?" किनुकोने विचारले. तिचा आवाज चिमणीएवढा झाला होता.

"शरदापासून," तोमोए म्हणाली. "काहीच कळत नाही गं पायांना. खाली दगड आहे की गवत, पाणी गार की कढत. घाटात पडले तर तुमची सगळी सहल माझ्यापायी… म्हटलं, मीच मोडावा बेत. तुम्ही रागावलेल्या परवडल्या."

किनुको मटकन खाली बसली, तोमोएच्याच बाजूला, एकाच माणसाची जागा असते तिथे. फोन अजून चालू होता.

"मालकीणबाईंना काय सांगू?" तिने विचारले. "आणि खबरदार, आम्ही म्हणू तसं म्हणालीस तर."

तोमोएचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. जन्मभर न वापरलेले शब्द जड असतात.

"मला यायचंय," ती म्हणाली. "एकटीने जमणार नाही. मला धरून न्या."