डोळे बदलून मिळतील

गल्लीत पाच भाषांची माणसं राहतात, तेव्हा दुकानाच्या पाटीवरही पाच भाषा हव्यात, असं चष्मेवालीने ठरवलं. एकदा ठरवलं की करून मोकळं व्हायचं, हा तिचा स्वभाव. चार भाषांचं सहज जमलं. पाचवी मात्र घरात कुणालाच येत नव्हती. पण तिचा धाकटा दीर टॅक्सी चालवायचा, आणि जगातल्या झाडून सगळ्या भाषा आपल्याला येतात अशी त्याची ठाम समजूत होती.

"वहिनी, माझ्यावर सोडा," म्हणत तो शिडीवर चढला आणि 'डोळे तपासून मिळतील' ही ओळ पाचव्या भाषेत रंगवून खाली उतरला. अक्षरं सुरेख आली होती, हे मान्यच करायला हवं.

पण पुढे कितीतरी दिवस त्या भाषेचं चिटपाखरूही दुकानाकडे फिरकलं नाही. मग एका सकाळी एक वयस्क बाई बिचकत आत आल्या. हातात फुटका चष्मा. इथल्या भाषेतले मोजके शब्द त्यांना येत होते.

"चष्मा फुटला. नवा पाहिजे. फक्त चष्मा हं!"

त्या 'फक्त'वर एवढा जोर कशाला, ते चष्मेवालीला कळेना. तिने त्यांच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली. आता वाचायला काय द्यायचं? भिंतीवरच्या तक्त्यात बाईंची लिपीच नव्हती. चष्मेवालीने सरळ खुर्ची उचलली, समोरच्या फुटपाथवर मांडली, बाईंना तिथे बसवलं आणि आपल्याच पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचा, मावशी."

दोन-तीन भिंगं बदलल्यावर मावशींनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग हळूच विचारलं, "हे... खरंच करता?"

"म्हणजे काय?"

मावशींनी तीन बोटांनी डोळा उपटून काढल्याची खूण केली, आणि दुसरा आणून बसवल्याची. "डोळे बदलून मिळतील. असं लिहिलंय."

चष्मेवाली इतकी हसली की भिंगांची पेटी हातातून निसटता निसटता राहिली. तिला हसताना पाहून मावशींचाही जीव भांड्यात पडला. त्यांच्या अख्ख्या इमारतीतली माणसं या दुकानावरून जायचं टाळून पलीकडून वळसा घेत होती म्हणे!

दिराला ताबडतोब बोलावणं गेलं.

"वहिनी, एका अक्षराचा तर फरक!"

"त्या एका अक्षरापायी गिऱ्हाईक जीव घेऊन पळतंय, भाऊजी. चढा वर."

मावशींनी खालून सांगितलं, दिराने निमूट रंगवलं. चष्मेवाली तेवढ्यावर थांबली नाही. तिने मावशींपुढे कोरा पुठ्ठा आणि काळी शाई ठेवली, आणि मोठ्यापासून बारीकपर्यंत त्यांच्या लिपीतली अक्षरं काढून घेतली. तो तक्ता भिंतीवर मधोमध लागला.

नवा चष्मा न्यायला मावशी आल्या त्या दोन शेजारणींना घेऊनच. चष्मेवालीने पहिलीला खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या भाषेत ठसक्यात म्हणाली, "वाचा!"

तिघींनी एकदमच तिचा उच्चार दुरुस्त केला. तिने तो पुन्हा म्हणून पाहिला, आधीपेक्षा मोठ्याने, आणि पुढचं भिंग हातात घेतलं.