चुंबकातली चिठ्ठी

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर चपटं आहे. त्याला नख नाही. त्यामुळे पेन्सिल मी मधल्या बोटाच्या आधाराने धरते. साक्षरता वर्गात पुनम म्हणायची, "काकू, तुमचा 'ण' लंगडून राहिला."

"बोट लंगडं हाय, त्याला 'ण' काय करील?" मी म्हणायचे.

पुनम ही माझ्या पुतण्याची, बालाजीची बायको. आम्हाला मूलबाळ झालं नाही. निलंग्यात घराला लागूनच आमचं विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. आता ते बालाजी बघतो, आधी माझे मालक शेषेराव बघायचे. विहिरीत कुणाचा पाना पडला, मोटारीचा जोड पडला, की लोक ह्यांना बोलवायचे. पवनचक्कीच्या भंगारातून ह्यांनी दोन चुंबकं आणली होती. असतील साबणाच्या मोठ्या वडीएवढी. एकाला दोर बांधून पाण्यात सोडलं की तळाच्या गाळातला पाना चिकटून वर यायचा.

घरी दोन्ही चुंबकांच्या मध्ये सागाची जाड फळी असायची. तिला कुणी हात लावायचा नाही. "एकमेकाला बघितलं की मधी कुणाचं बोट हाय ते बघत न्हाईत ही," असं हे सांगायचे.

माझं माहेर बिलोलीजवळचं. तिकडे बोलण्यात तेलुगू मिसळतं, त्यावरून सासरी मला हसायचे. भाऊ निजामाबादला गेल्यापासून घराला कुलूप आहे. दर पंचमीला मी म्हणायचे, "चार दिवस जाऊन ऱ्हाऊ." आणि दर पंचमीला कुणाच्या तरी विहिरीत काहीतरी पडलेलं असायचं.

सहा वर्षांपूर्वी नांदेडला ह्यांच्या छातीत मशीन बसवलं. हे दवाखान्यात असतानाच बालाजी निरोप घेऊन आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चुंबक ह्यांच्या जवळ येता कामा नये, छातीतल्या मशीनचं काम बिघडतं. आणि एक चिठ्ठी होती, औषधाच्या प्लास्टिकमध्ये घडी करून गुंडाळलेली.

"काकानं तुम्हाला दिली. वाचून दाखवू?"

मला लाज वाटली. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पुतण्याने वाचायचं म्हणजे काय! "ऱ्हाऊ दे," मी म्हणाले. "ते आले की वाचतील."

ती चिठ्ठी हातात घेऊनच मी चुंबकं लपवायला गेले. गोठ्यातल्या जुन्या रांजणात ठेवावीत असं मनात होतं. पण रांजणाच्या तोंडातून फळी आत जाईना. म्हणून मी फळी काढली आणि एक चुंबक दूर धरलं. हात मोकळा हवा म्हणून चिठ्ठी खालच्या चुंबकावर ठेवली. वरचं माझ्या हातातून निसटलं, असं म्हणणंही खरं नाही. ते गेलंच. टक्कन आवाज झाला. बोट ओढून काढलं तेव्हा नख आतच राहिलं, आणि चिठ्ठीही. ती चिकटलेली जोडी मी तशीच रांजणात सोडली.

घरी आल्यावर ह्यांनी बोटाची पट्टी बघून विचारलं. मी म्हणाले, दारात सापडलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "चिठ्ठी मिळाली का?"

"हाव."

"वाचून घेतलीस?"

खरं सांगितलं असतं तर हे तडक गोठ्यात गेले असते. चुंबकाच्या बाबतीत दुसऱ्याच्या हातावर ह्यांचा भरवसा नव्हता. छातीत ते मशीन. मी पुन्हा म्हणाले, "हाव."

"मग? काय म्हणतीस?"

"काय म्हणायचं? हाय ते बरं हाय."

हे कपाकडे बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि उठले. नंतर कधी विचारलं नाही. पंचमीलाही काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी गेले.

ह्यांचं वर्ष झाल्यावर मी बालाजीला सगळं सांगितलं. तो पहार घेऊन आला. पहारच चुंबकाला चिकटली आणि ती सोडवायला दोन माणसं लागली. "काकू, ऱ्हाऊ द्या आता," तो घाम पुसत म्हणाला.

मीही राहू दिलं. चिठ्ठी निघाली असती तरी वाचणार कोण? ह्यांचं बोलणं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मग पुनमने वर्ग सुरू केला आणि मी पहिल्या दिवसापासून पुढे बसले. आधी अक्षरं, मग बस स्टँडवरच्या पाट्या. मार्चमध्ये परीक्षा पास झाले. त्याच दिवशी बालाजीला म्हणाले, "दुकानातलं ते बाभळीचं बाक मोकळं कर."

त्या बाकाला एक खाच आहे. हे खालचं चुंबक त्या खाचेत बसवायचे आणि वरच्याला बाजूने लाकडी दांडक्याने रेटायचे. चहा नेताना दारातून मी शंभर वेळा बघितलं होतं. ओढायचं नसतं, सरकवायचं असतं.

बालाजी डोक्यावर हेल्मेट घालून आला.

"लढाईला चाललास का?" पुनम हसली.

"फुटलं तर तुकडे डोळ्यात जात्यात, तुला काय ठावं! ते घड्याळ काढ आधी."

घड्याळ, मोबाइल, पाने, सगळं घरात ठेवलं आणि रांजणातली जोडी आणून बाकाच्या खाचेत बसवली. माझ्या पदराची एक पिन तेवढी राहिली होती. मी वाकले तशी ती चुंबकाकडे खेचली आणि पदर घेऊनच चिकटली. पदर सोडवायला बराच वेळ गेला.

मग बालाजीने दांडका रेटला. काहीच हललं नाही. पुन्हा रेटला.

"कागद फाटंल, काकू."

"प्लास्टिकात हाय. रेट."

मीही दांडक्याला हात लावला. वरचं चुंबक बोटभर सरकलं, मग एकदम कडेला गेलं. पुनमने तेवढ्यात मध्ये सागाची फळी सारली. प्लास्टिक चुरगळलं होतं आणि चिठ्ठीचा एक कोपरा फाटला होता. अक्षरं शाबूत होती.

मी ती घेऊन उंबऱ्यावर बसले. बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचलं.

"केवळा, आता चुंबकाचं काम मला जमणार नाही. दुकान बालाजीला देतो. आपण दोघं तुझ्या गावी राहू. तुझ्या बापाचं घर मी स्वतः झाडून देतो. तिथलं बोलणं मला कळत नाही, तू सांगत जा. येतीस का? तुझं मन नसेल तर पुन्हा विचारणार नाही."

दुसऱ्यांदा वाचताना वेळ कमी लागला. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

पुनम जवळ येऊन बसली. "काय म्हणतात काका?"

"बिलोलीला येतीस का, म्हून विचारलंय."

बालाजी हेल्मेट हातात घेऊन उभा होता.

"बालाजी, उदगीरची पहिली गाडी किती वाजता असती रे?"

"सहाला. तिथून पुन्हा बदलावी लागंल." त्याने हेल्मेट खाली ठेवलं. "पण काकू, तिथं आता कोण हाय?"

"घर झाडायचं हाय," मी म्हणाले आणि चिठ्ठीची घडी घातली.