अजून ओला आहे

"पेटिलियस कवीचा टोगा काढ," शिपाई म्हणाला. "हद्दपार माणसाचं सगळं सामान जप्त आहे. नागरिकाचा टोगा घालायचा हक्कही गेला त्याचा."

"ओला आहे," मी म्हटलं.

"ओलाच दे."

"आमच्या धोबीखान्यातून ओला कपडा बाहेर जात नाही, माझ्या सासूच्या वेळेपासून. आणि नाक काय धरतोस? तुझ्या सेनापतीच्या टोग्याचा पांढरेपणा याच वासातून निघतो."

तो नाक धरूनच गेला.

पेटिलियस आमच्या इमारतीत अगदी वर, कौलांखाली राहायचा. अर्धं आयुष्य त्याने श्रीमंतांच्या पोरांना भाषणं शिकवण्यात घालवलं. पहाटे टोगा गुंडाळून धनी कॅलविसियसच्या दारात मुजऱ्याला उभं राहायचं नि शिळ्यापाक्याची टोपली घेऊन परतायचं. एवढा शिकलेला माणूस, आणि दारवान त्याला नावाने हाकही मारत नसे.

कोपऱ्यावर आमचे घडे असतात. येणारेजाणारे त्यात मुततात, आम्ही त्या मुताने लोकरीचे कपडे पांढरे करतो. एका रागाच्या सकाळी पेटिलियसने घड्यांवरच्या भिंतीवर धन्यासाठी कोळशाने लिहिलं. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, म्हणून लेकाने वाचून दाखवलं:

तुझ्या ओसरीत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ओळीने;
माणसाचं तोंड तेवढं दिसलं नाही.

लोक घड्यापाशी उभे राहून हसायचे. मग तो रोज लिहू लागला, नि घडे दुपारच्या आतच भरू लागले.

"व्हिबियाबाई, माझ्या कवितेने तुझा धंदा वाढला," तो म्हणायचा.

"कवितेने नाही मेल्या, मुतण्याने. पण रोममध्ये दुसऱ्या कुणाची कविता एवढ्याही कामाची निघाली नाही."

भिंतीवरून त्या ओळी शहरभर गेल्या. कॅलविसियसला एकाएकी त्याचं नाव आठवलं. जेवायला बोलावलं, ते टोकाच्या आसनावर. राजवाड्यातला, सम्राटाचा लाडका नाच्या फौजेतल्या जागा विकतो हे सगळ्या रोमला ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. कॅलविसियस म्हणाला, "त्याच्यावरची ओळ म्हण की. आपलीच माणसं आहेत."

पेटिलियसने म्हटली. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅलविसियस स्वतः राजवाड्यात जाऊन सांगून आला. पेटिलियसला वाळवंटाच्या कडेच्या एका ठाण्यावर धाडायचं ठरलं. नाच्या आपल्या जागी राहिला. चोराला गादी नि चोर म्हणणाऱ्याला वाळवंट, असा आमचा न्याय.

निघताना तो ग्रीक चादर पांघरून आला. हातात टोग्याचा बोळा, त्यावर माशाच्या रश्श्याचा भलामोठा डाग.

"कॅलविसियस सगळ्यांत मोठ्याने हसला, व्हिबियाबाई. हसता हसता वाटी माझ्या अंगावर सांडली."

"तुला त्याचा डाव कळला नाही?"

"कळला."

"मग गप्प का नाही बसलास?"

"ओळ चांगली होती," तो म्हणाला. मग टोग्याकडे बघत राहिला. "जाईल का डाग?"

"डाग जाईल. कॅलविसियस कुठे जातोय?"

"मेल्यावर नागरिकाला टोग्यात जाळतात. मला ते या चादरीत जाळतील."

"मरायला इकडे ये. तुझा टोगा मी कुणाला देत नाही."

तो हसला. जाताना भिंतीकडे बघितलं, पण कोळसा उचलला नाही.

आठवडा झाला नाही तोच कॅलविसियसचा कारभारी टोग्यांची चळत घेऊन आला. मी म्हटलं, "घडे रिकामे आहेत."

"हे काय, काठोकाठ भरलेत की."

"ते माणसांच्या कपड्यांसाठी."

चांगलं गिऱ्हाईक गेलं म्हणून सून दिवसभर भांडी आपटत होती. आपटू दे.

पुढच्या उन्हाळ्यात एका खलाशाने सांगितलं, पेटिलियस तापाने गेला. कशात जाळलं, ते मी विचारलं नाही.

टोग्यावरचा डाग गेलाय. गंधकाची धुरी देऊन तो असा पांढरा केलाय, की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. वेताच्या पिंजऱ्यावर दारातच पसरलेला असतो. शिपाई अजून अधूनमधून येतो.

"वाळला का?"

"नाही."

"तो माणूस मेला, बाई."

"मेला असेल. टोगा ओला आहे."

शिपाई हात लावून बघतो. ओलाच असतो. रोज दुकान उघडलं, की पहिल्यांदा मी तोंडात पाणी घेते नि त्याच्यावर फवारते.